सरदाराचं सुतक

माणूस निवृत्त झाला की त्याला काहीतरी होतं. कुणाला मधुमेह होतो, कुणाला अध्यात्म होतं. माझ्या चुलतभावाला पूर्वज झाले.

उभं आयुष्य मुंबईत नोकरी करून हा आमचा दादा मालवणजवळच्या आमच्या गावी परतला आणि आडनावाचं मंडळ काढून बसला. अध्यक्ष अर्थातच तो. आमच्या आडनावाची माणसं जिल्ह्यात जिथे जिथे सापडतील तिथून गोळा करायची, जुन्या कागदांतून त्यांची मुळं खणायची आणि सगळ्यांची मिळून एक दांडगी वंशावळ छापायची, असा बेत. ‘आपण कोण होतो ते कळायला नको?’ असं तो येईल त्याला विचारायचा. मी म्हटलं, ‘माका ठावक आसा. आपण भात लावणारे आणि भावकीत भांडणारे.’ ते त्याला आवडलं नाही.

मी शाळामास्तरीण होते, अक्षर चांगलं, दुपारी मोकळी. म्हणून ओरसच्या जिल्हा कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये नकला उतरवायला मलाच जुंपलं. मोडी वाचणारे एक गृहस्थ वाचायचे, मी लिहायचे आणि दादा खुर्चीत बसून ‘आपले! हेसुद्धा आपलेच!’ करायचा. जमिनीचा दाखला असो की मयताची नोंद, आडनाव दिसलं की तो माणूस आमच्या कुळात जमा. आता आमचं आडनाव पडलंय गावावरून. गाव सोडून जो बाहेर पडला, मग तो शेतकरी असो, तांडेल असो की देवळातला वाजंत्री, त्याला बाहेरच्यांनी गावाचंच नाव चिकटवलं. एकाच थांब्यावरून एस.टी.त चढले म्हणून काय सगळे एका आईचे झाले? हे मी चारदा सांगितलं. तो म्हणाला, ‘तुला इतिहासाची दृष्टी नाही.’

नसेल. पण डोळे होते. वंशावळीत मुली घ्यायच्या नाहीत असा मंडळाचा नियम. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला एकुलती एक मुलगी, म्हणून दादाने त्याच्या नावाखाली मला लिहायला सांगितलं, ‘निर्वंश’. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ‘अरे, पोर धडधाकट जिवंत आहे. काल माझ्याकडे बांगड्याचं तिखलं खाऊन गेली.’

‘तो फक्त एक शब्द असतो गो,’ असं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने तो लिहिला. भावाला हे कळलं तेव्हा तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही, हाच त्याचा मोठा दोष.

मग एक दिवस वालावल गावच्या कागदांत सरदार सापडला. आरमारातला. त्याच्या नावापुढे आमचं आडनाव, एवढाच काय तो पुरावा. दादाने कचेरीत पेढे वाटले. त्या दिवसापासून तो मानेला पट्टा बांधल्यासारखा ताठ चालायला लागला. वालावलची सगळी घरं त्याने वंशावळीत बसवली आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही घेतली.

आणि त्याच वालावलला माझ्या भाचीचं, ‘निर्वंश’ भावाच्या त्या मुलीचं, लग्न ठरलेलं होतं.

दोघं कुडाळला एका कचेरीत कामाला. आधी त्यांचं जमलं, मग आईबापांचं. आडनाव एक निघालं म्हणून आम्ही जाणत्यांना रीतसर विचारलं होतं. कुळदैवत वेगळं, देवक वेगळं. एवढं सगळं बघूनच साखरपुडा झाला होता आणि दादा त्यात पोटभर जेवला होता. पण आता ग्रुपवर कुणा रिकामटेकड्याने विचारलं, ‘वालावलवाले आपले भावबंद, तर मग ही दोघं बहीण-भाऊ ना?’ झालं! दादाला जाग आली. देवक? ते म्हणे मागाहून बदललं असणार. कागद खोटं बोलत नाही. हे लग्न केलंत तर भावकीतला एक माणूस मांडवात येणार नाही आणि उद्या घरात मयत झालं तर खांदा द्यायलाही येणार नाही, असा निरोप त्याने भावाकडे धाडला.

एका मेलेल्या सरदारासाठी जिवंत पोरीचं लग्न मोडायला निघालेला माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ मात्र गळून गेला. मुलाकडच्यांना नकार कळवू या, म्हणायला लागला.

भाची माझ्याकडे आली. रडत नव्हती. ‘आत्ये, त्या वंशावळीच्या झाडार माझा नाव आसा?’

‘नाय गो.’

‘मगे त्या झाडाक माझा लगीन अडकलाच कसा?’

‘शिरा पडो त्या झाडार,’ म्हटलं, आणि तिला जेवायला वाढलं.

शेवटी मंडळाने देवळाच्या सभामंडपात बैठक लावली. बैठक असली की दादा छापील मराठीत बोलतो. ‘हा प्रश्न भावनेचा नसून कुळाचा आहे. एका रक्तात विवाह होऊ शकत नाही.’ मी उठले तशी म्हणतो, ‘तू सासरी गेलेली. तुला इथे बोलण्याचा अधिकार नाही.’

‘बोलत नाय. विचारतंय. गेल्या महिन्यात वालावलाक नवऱ्या मुलाची चुलत आजी गेली. ती आपल्या कुळातली?’

‘अर्थात. मी स्वतः ग्रुपवर श्रद्धांजली वाहिली.’

‘व्हायलंस खरी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खंय होतंस?’

दुसऱ्या दिवशी सकाळी हा सोवळं नेसून ह्याच देवळात अभिषेकाला बसला होता. फोटो त्यानेच ग्रुपवर टाकलेला, श्रद्धांजलीच्या बरोबर खाली. सगळ्या भावकीने तो पाहिला होता, वर फुलं आणि नमस्कार पाठवले होते. एकाच्याही टाळक्यात उजेड पडला नव्हता.

‘कुळातली बाई गेली,’ मी म्हटलं, ‘तू सुतक धरलंस? सुतकात तू गाभाऱ्यात गेलंस?’

आमच्याकडे भावबंद कागदावरून ठरत नाही. ज्याच्या घरी माणूस मेलं की आपल्याला सुतक येतं, तो भावबंद. हे शेंबडं पोरही सांगेल, पण मंडळाच्या अध्यक्षाला त्याचा विसर पडला होता. तेवढ्यात खांबाशी बसलेला गुरव उठला. ‘सुतकात अभिषेक केलो आसात, तर देवळाची शुद्धी करूक व्हयी. गावाक कळवूक व्हया.’

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! दादाचं छापील मराठी क्षणात उतरलं. ‘तसा न्हय रे... ती माणसा तशी लांबची.’

‘सुतकाक लांबची आणि लग्नाक जवळची?’ मी म्हटलं. ‘अरे, कुळ आसा काय रबर?’

लोक हसले. हसल्यावर अध्यक्षाचं काही राहत नाही. चष्मा पुसून तो म्हणाला, ‘वालावलची माणसा आपल्या कुळातली न्हय.’

‘मगे सरदार?’ मागून कुणीतरी विचारलं.

लग्न झालं. भावकी झाडून आली आणि पहिल्या पंगतीला दादा. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं दोनदा मागून घेतलं. वाढायला माझा भाऊच होता. दादाने त्याला वाकवून हळूच विचारलं, ‘पुस्तक छापूक जातला आता. तो सरदार निदान सोयऱ्यांकडसून तरी लावूक येतलो काय रे?’

एवढ्या सगळ्या प्रकरणात दादासमोर ज्याने तोंड उघडलं नव्हतं, तो माझा भाऊ सांबाऱ्याची बादली खाली ठेवून म्हणाला, ‘नाय दादा. तो सरदार आता माझ्या नातवंडांचो. माझ्या नावाखाली तू ‘निर्वंश’ लिवलंस, ता तसाच ऱ्हवांदे.’

आणि त्याच्या पानात आणखी एक वडा वाढला.