बुलढाणा वर, मलकापूर खाली

शाहीन मॅडम. आधी त्यांचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. त्या नसत्या तर घरापासून एवढ्या लांब, तिरुपूरला कपड्यांच्या कंपनीत, मी आठवडाभरही टिकले नसते. मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत भावाचा फोन आला. "सवे, शाहीन मॅडम गेल्या वं... दवाखान्यातच." डबा उघडा तसाच राहिला. इथून निघून मातीला पोचणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून डोक्यात त्याच आहेत, म्हणून लिहायला बसले. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लहानपणी मोताळ्याच्या आठवडी बाजारात माझ्या हातून आईचा पदर सुटला होता. बांगड्यांच्या दुकानापाशी रडत बसलेली मी सापडले खरी, पण पुढे गावाबाहेर जायचं म्हटलं की मी आईचा पदर सोडायची नाही. अशातच तिसरीला मॅडम आल्या. तिसरीला भूगोलात आपला जिल्हा असतो. शाळेला मिळालेले टॅब बिघडतील म्हणून कपाटात कुलपात होते. "पूजा कराले देले का हे?" म्हणत मॅडमनी ते बाहेर काढले आणि पहिलंच काम सांगितलं, घरून शाळेत येताना वाटेचे फोटो काढायचे. कुणी पाण्याची टाकी आणली, कुणी पिठाची गिरणी, कुणी मशिदीचा मिनार. माझ्या सगळ्या फोटोंत माझ्याच चपला! वर्ग खदखदून हसला. मॅडमनी टॅब हातात घेऊन एकेक फोटो शांतपणे पाहिला. "चपला मस्त हायेत तुह्या. पण तू रस्ता पाहून राह्यली का पाय? मान वर कर वं पोरी."

मग जिल्हा काढायचा ठरला, शाळेच्या पटांगणात, रांगोळीने. नावं लिहायची नाहीत, प्रत्येक गावाच्या जागी एकेक पोर उभं करायचं आणि गच्चीवरून टॅबने फोटो घ्यायचा. मला मोताळ्यावर उभं केलं. लोणारवर उभा असलेला आरिफ ओरडला, "मॅडम, हिले तिथं काऊन उभी केली? पुन्हा हरवीन ना हे!" फोटो निघाला, टॅबमधल्या नकाशाशेजारी ठेवून पाहिला, तर आमचा जिल्हा उलटा! आम्ही बुलढाणा वर काढलं होतं आणि मलकापूर खाली. आमचं गाव घाटाखालचं. बुलढाण्याला जायचं तर एसटी घाट चढते, मग बुलढाणा वरच असणार ना? नकाशात मात्र ते आमच्या खाली, दक्षिणेला. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, जिल्हाच पालथा केला की तुम्ही!" आम्ही पुसायला धावलो, तशा मॅडम म्हणाल्या, "कोणी हलू नका बे! चुकला नाही तो." पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला शिडी लावून त्या वर चढल्या, तिकडून फोटो घेतला. आता उत्तर वर, मलकापूर वर, सगळं नकाशासारखं. रांगोळीचा कणही हलला नव्हता. "गाव जागचं हालत नाही. आपून कोन्या बाजूनं पाहून राह्यलो, तेवढं ध्यानात ठेवा."

पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी वर्गाला मोताळ्याला नेलं, टॅब माझ्या हातात दिला आणि सगळ्यांत मागे जाऊन उभ्या राहिल्या. "आता स्टँडावर तू ने आमाले." माझी नजर आधी चपलांवरच गेली. मग मान वर केली, घाट दिसला... तो दक्षिणेला. नकाशातली दक्षिण त्याच्याकडे येईल तसा टॅब फिरवला आणि निघाले. भाजीवाले, कापडवाले, ते बांगड्यांचं दुकानही मागे पडलं आणि समोर लाल एसटी! आरिफनेच पहिली आरोळी ठोकली, "सवीनं आणलं बे!" त्या दिवशी मी एसटीत खिडकीजवळ बसले, मान वर करून.

आठवीत आईच्या आजारपणात शाळा सुटली. मॅडम घरी येऊन खूप बोलल्या, पण इलाज नव्हता. पुढे इथे आले. पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या बसमधून चुकीच्या थांब्यावर उतरले. पाट्या वाचता येईनात, बोली समजेना. मग मान वर केली. सूर्य कुठे बुडतोय ते पाहिलं, मोबाइलवरचा नकाशा फिरवून घेतला आणि चालत होस्टेलला पोचले. दारातूनच फोन लावला. "मॅडम, मी हरवली नाही!" पलीकडून हसू आलं. "मले माहीत हाय. घाट नसंल ना तिथं? मंग काय धरलं?" "सूर्य धरला." "शाब्बास वं माह्यी मोताळ्यावाली!"... तेच आमचं शेवटचं बोलणं.

आता विदर्भातून नवीन पोरी कामाला आल्या की स्टेशनवर आणायला मीच जाते. होस्टेलपर्यंत प्रत्येकीला वाटेचे फोटो काढायला लावते. परवा आलेल्या एकीच्या मोबाइलमध्ये पाहिलं, तर सगळे फोटो चपलांचे. मी हसले, आणि तोंडातून मॅडमच बोलल्या, "मान वर कर वं पोरी." तिने केली.

मॅडम, एक दिवस गावी येईन. आपल्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गाला मोताळ्याच्या बाजारात नेईन, सगळ्यात घाबरट पोरीच्या हातात टॅब देईन आणि तुमच्यासारखीच सगळ्यांच्या मागे उभी राहीन. तुमचं एवढं देणं माझ्याकडे आहे. ते फेडीन.