शेऱ्याचा रकाना

“नंदे, सकाळी सहा चाळीसला गेले…” मामीनं फोनवर आधी वेळ सांगितली आणि मग तिला हुंदका आला. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं नसतं. माझे दिगंबरमामा मुखेडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता गेली हे लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि ती खोड घरातल्या प्रत्येकाला लागली. लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात मीसुद्धा आधी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून पाच मिनिटं. पंचवीस मिनिटं उशिरा कळवलं म्हणून मामीचा क्षणभर रागच आला… मग मात्र गॅस बंद करून मी मुखेडला जायची पिशवी भरायला घेतली. त्याला आता सहा आठवडे झाले.

मामांचा आवाज खणखणीत होता. स्टँडवरचा भोंगा बिघडला की ते केबिनबाहेर येऊन नुसत्या गळ्यानं नांदेड गाडी पुकारायचे आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं चहा टाकून पळत सुटायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाजारातून एक जाडजूड वही आणली, पट्टी घेऊन रकाने आखले: नाव, आगमन, निर्गमन, शेरा. ही वही टीव्हीसाठी होती. घरी टीव्ही बघायला आलेल्या माणसाची त्यात नोंद व्हायची. तो कधी आला, कधी उठला आणि कार्यक्रम कसा वाटला, ते मामा त्याच्याच शब्दांत लिहायचे आणि खाली सही घ्यायचे. मग तो सगळा ऐवज पत्रानं त्या त्या वाहिनीला रवाना व्हायचा. उत्तर एकदाही आलं नाही. आम्ही भाचरं त्यांची टिंगल करायचो. पण लातूरला मी रेडिओवर पहिल्यांदा बोलले, तेव्हा त्याच वहीत त्यांनी माझ्याविषयी लिहिलं होतं, “आवाज थरथरला. मुद्दा थरथरला नाही.” त्यानंतर मी टिंगल बंद केली.

मागच्या पावसाळ्यात बिलोलीकडच्या नदीकाठी पूर आला आणि माझ्या धाकट्या मावशीचं, शेवंतामावशीचं गाव पाण्यात गेलं. ती स्लॅबवर उभी राहून, तोंडाला पदर लावून रडत असल्याचं चित्रण सगळीकडे दाखवलं गेलं. महिन्याभरानं एका वाहिनीनं पूरग्रस्तांसाठी मुंबईत मोठा संगीताचा जलसा ठेवला. नव्या गाण्यांचे गाजलेले गायक येणार, नाच होणार, थेट प्रक्षेपण होणार आणि प्रेक्षकांनी आपल्या प्रतिक्रिया कळवायच्या. जाहिरातीत मावशी दिसली आणि मामा हरखले. “आपली शेवंता मुंबईच्या स्टेजवर!” त्यांनी टीव्ही खिडकीत आणून गल्लीकडे तोंड करून ठेवला, ताडपत्र्या अंथरल्या, दारोदार जाऊन आमंत्रणं दिली आणि मावशीला मुद्दाम बोलावून घेऊन पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्या रविवारी मीही लातूरहून आले होते. माझं आगमन सहा पन्नास.

संध्याकाळी सातला जलसा सुरू झाला. पहिल्याच गाण्याला गल्लीतली पोरंसोरं उठून नाचायला लागली. शेरे भराभर येत होते. शेजारचे निसारचाचा शिंपी. त्यांनी सांगितलं, “लिखो दिगंबरभाई, त्या गायकाच्या सदऱ्याला बाही एकच हाय. दुसरी मी फुकट शिवून देतो.” मामी म्हणाली, “नाचणारी लेकरं घामाघूम झाली, त्यायला कुणी पाणी द्या म्हणावं.” मामा गंभीर चेहऱ्यानं सगळं उतरवून घेत होते. चौथं गाणं सुरू झालं आणि गायिकेच्या मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर मावशी आली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. चित्रण दहा सेकंदांचंच, पण ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. ढोल वाजतायत, दिवे फिरतायत आणि मावशी रडतेय, पदर तोंडाला लावतेय, पुन्हा रडतेय… टाळ्या हळूहळू थांबल्या. मी वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती.

मामांनी घड्याळ पाहून वहीत तिचं निर्गमन लिहिलं. शेवंता, आगमन सहा चाळीस, निर्गमन सात पंचवीस. शेरा कोरा. ते उठून आतल्या खोलीत गेले, त्यांच्यामागे मी गेले. मावशी पाठ करून बसली होती.

“शेवंता, गाडी वेळेच्या आधी सुटली,” मामा म्हणाले. “कारण लिवावं लागतंय.”

“मला न्हाई लिवायचं.”

“मग मी केबिनमधून उठत न्हाई.” आणि ते तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

शेवटी मावशी बोलली. “दादा, मी एकदाच रडले रे. दुसऱ्या दिवशी बायका गोळा केल्या, साळंतला चिखल काढला, घर सारवलं. चिखलात पडून हसून हसून पोट दुखलं आमचं. ते कुणी न्हाई दाखविलं. आता लोकायला वाटंल, शेवंता अजून स्लॅबवरच हाय. आजून रडूनच राहिली.” मग मामांकडे बघत ती म्हणाली, “आन् तू गल्ली गोळा करून दाखवलंस.”

मामांचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. आपली चूक त्यांना कळली होती. तिचं बोलणं त्यांनी अक्षर न् अक्षर लिहून घेतलं, तिची सही घेतली, बाहेर येऊन टीव्हीचा आवाज बंद केला आणि आपल्या स्टँडच्या आवाजात तो शेरा साऱ्या गल्लीला वाचून दाखवला. मधलं “दादा”सुद्धा वगळलं नाही. मग निसारचाचा पुढे आले. “माझा बाहीचा शेरा खोडा. शेवंताबहीण म्हणते तेच माझं बी लिखो.” एकामागून एक सगळी गल्ली त्या पानावर सही करून गेली.

पानाचा फोटो मी वाहिनीला पाठवला. आपल्या बहुमूल्य प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद, असं ठरावीक उत्तर दोन सेकंदांत आलं. “आभार मानून गप बसवून राहिलेत,” मामा म्हणाले. पुढच्या रविवारी प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा कार्यक्रम झाला. सगळी नुसती स्तुती, त्यात मुखेडचं नाव नाही, मागे पुन्हा रडणारी मावशी आणि शेवटी घोषणा की लोकाग्रहास्तव हा जलसा पुन्हा दाखवणार. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मामा मावशीला आणि वहीला घेऊन नांदेडला त्या वाहिनीच्या वार्ताहराकडे गेले. आयुष्यभर पत्रं पाठवून उत्तर न मिळालेला माणूस आता स्वतःच दारात जाऊन उभा राहिला. वार्ताहर तरुण होता, वाईट नव्हता. तो म्हणाला, “मावशी, तुम्हाला रडताना पाहिलं म्हणूनच तर लोकांनी मदत केली ना?”

“हाव, लई उपकार झाले त्यायचे,” मावशी म्हणाली. “पण आता हसले तर दिलेलं वापस घेतेत का?”

हे मामांनी मला पुढे किमान वीस वेळा सांगितलं आणि प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारली. मावशीच्या सुनेच्या मोबाइलवर चिखल काढतानाचं चित्रण होतंच. वार्ताहरानं ते मागून घेतलं. मात्र त्यानं वचन काही दिलं नाही.

पुनःप्रक्षेपण रविवारी दुपारी होतं. या वेळी मामांनी कुणालाही बोलावलं नाही, तरी ताडपत्र्या अपुऱ्या पडल्या. मावशी येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, लगेच आत वळता येईल अशी. चौथं गाणं लागलं. मामा वही मिटून, डोळे मिटून बसले होते. आणि गायिकेच्या जागी टीव्हीच्या अख्ख्या पडद्यावर मावशी आली! डोक्यावर चिखलाचं घमेलं, साडीचा काचा मारलेला, पाय घसरून ती बदकन खाली बसते, भोवतीच्या बायका खिदळतात आणि तीही तोंड उघडं टाकून हसते. खाली तिचं नाव, गावाचं नाव. ढोल तेच होते, पण आता ते तिच्या हसण्यासाठी वाजत होते. गल्लीत असा काही गलका झाला की झाडावरचे कावळे उडाले. निसारचाचांनी टोपी वर फेकली. मी तर ओरडतच होते. मामा खुर्चीवर उभे राहिले आणि त्या सगळ्या गलक्याच्या वर आवाज चढवून त्यांनी पुकारा केला, “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! शेवंताबाई स्लॅबवरून खाली उतरलेल्या आहेत!” मावशी हसत हसत रडत होती. मामांना मी एवढं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. त्या दिवशीच्या पानावर मावशीचं निर्गमन सर्वांत शेवटी आहे.

तेरावं झाल्यावर संध्याकाळी आम्ही त्याच खिडकीपाशी बसलो होतो. टीव्ही बंद होता, शेजारी वही आणि तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन. मामीनं शेवटच्या पानावर एक नोंद करून ठेवलेली होती. नाव, दिगंबर. आगमनाचा रकाना मोकळा, कारण त्यांच्या जन्माची वेळ कुणालाच ठाऊक नव्हती. निर्गमन, सहा चाळीस. शेरा लिहायला मात्र कुणाचा हात धजेना. माझ्याकडे वही आली तेव्हा मीही ती तशीच पुढे सरकवली. शेवंतामावशीनं ती मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरात, रकान्याच्या बाहेर जात लिहिलं, “गाडी वेळेच्या आधी सुटली. माझी तक्रार आहे.” खाली सही केली आणि वही माझ्या हातात दिली.

“घे नंदे,” ती म्हणाली, “आता पाठव कुठं पाठवायची ती.”