झिंजच्या जिन्यातला माणूस

नाताळात लीनाला रजा मिळाली नाही, म्हणून फेब्रुवारीत मीच बहरीन गाठलं. लीना माझी धाकटी बहीण, सलमानियाच्या इस्पितळात नर्स. जायचं तर थंडीतच जा, उन्हाळ्यात तिथे दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. व्हिसा ऑनलाइन होतो. टॅक्सीत बसण्याआधी मीटर टाकायला सांगा. मी विसरले आणि चांगलीच कापली गेले.

लीनाचा फ्लॅट राजधानी मनामाच्या झिंज भागात, दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या दाराला पाठ लावून एक दाढीवाला माणूस उभा होता. मी बॅग ओढत वर पोचेपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

"अफगाणी आहे," आत आल्यावर लीना म्हणाली. "रोज दुपारी असाच पहारा देतो. बायको आत. आम्हाला धड दिसलीही नाही कधी."

"कोंडून ठेवतो की काय?"

"मलाही तेच वाटतं गं. कधी कधी तिचा चढलेला आवाज येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रकाठचा जुना किल्ला पाहिला. संध्याकाळी जा, ऊन उतरलं की दगड सोनेरी दिसतात. मग मनामाच्या बाजारात मसाल्यांच्या गल्ल्या, मच्छीचा मचबूस, म्हणजे त्यांची बिर्याणीच म्हणा, आणि वर कडक करक चहा. सगळं छान होतं, पण डोक्यातून ते दार जाईना.

तिसऱ्या दुपारी लीना ड्युटीवर गेली. तो माणूस उभाच होता. उद्या काही झालं तर पुरावा हवा, म्हणून मी दार किलकिलं करून मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

"फोटो मत लो!" तो दबक्या आवाजात ओरडला. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागचं दार उघडलं. ओढणी खांद्यावर, हातात मार्कर, अशी एक बाई बाहेर आली.

"किसने भेजा आपको?"

"किसी ने नहीं. आप ठीक तो हैं?"

"पहले फोटो मिटाइए."

मी पुसला. तिने स्वतः खात्री केली, चालू वर्ग थांबवला, माझा मोबाइल बंद करून स्वयंपाकघरात ठेवला आणि मगच मला आत बसवलं. तिला फरीदा म्हणूया, खरं नाव लिहीत नाही. लहानपण पेशावरमध्ये गेल्यामुळे उर्दू चांगली. काबूलला मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तालिबान आले, मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. नवऱ्याला इथे काम मिळालं. आता त्याच मुलींना ती दुपारी फोनवर फळा दाखवून शिकवते.

"मग ते बाहेर का?"

"एखादीच्या भावाने फोनवर पुरुषाचा आवाज ऐकला, तर तिचं शिकणं तिथेच खलास," ती म्हणाली. म्हणून पहाटेची शिफ्ट करून आलेला नवरा झोपायचं सोडून जिन्यात उभा राहतो. कोणी बेल वाजवू नये हेही बघतो.

एवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर बघून ती सावध झाली. गेले काही दिवस वर्गात न आलेल्या एका मुलीचा होता. फरीदाने फोन कानाला लावला. पलीकडून कोणी बोलेना. कोणीतरी खाकरलं. फरीदा तिच्या भाषेत दोन वाक्यं तोडून बोलली आणि फोन ठेवला.

"काय सांगितलंत?"

"रॉन्ग नंबर. आम्ही तुला ओळखत नाही."

"तीच असली तर?"

"और अगर उसका भाई हो?" मग माझ्याकडे रोखून बघत ती म्हणाली, "आप आज आईं, और आज ही यह फोन."

मी शपथेवर काही सांगणार होते, पण तिने मोबाइल माझ्या हातात ठेवून दार उघडलं. उरलेले दिवस त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं ते मी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे पाहत होते तशाच संशयाने.

वसईला परतल्यावर महिन्याभराने लीनाचा फोन आला. फरीदा आपणहून तिच्या दारी आली होती. दुसऱ्या एका विद्यार्थिनीकडून निरोप कळला होता. त्या दुपारी फोनवर ती वर्गात न आलेली मुलगीच होती. भावाने समोर बसवून नंबर लावायला लावला होता, पलीकडे कोण आहे ते बघायला. "बाईंनी ओळख दाखवली नाही, म्हणून वाचले," असं तिने कळवलं होतं. पण भावाने तिचा मोबाइल फोडला आणि तिचं लग्न ठरवून टाकलं. बाकीचा वर्ग वेळ बदलून चालू आहे.

बहरीनला जाऊ का, असं विचारणाऱ्यांना मी जा म्हणते. किल्ला पाहा, मचबूस खा. माझ्यापाशी मात्र उरली ती एक कधी न पाहिलेली मुलगी. तिच्या बाईंकडून तिने ऐकलेलं शेवटचं वाक्य होतं, आम्ही तुला ओळखत नाही.