आठ बाय सहाचा फ्लेक्स

भावकीत कुणाचं चांगलं झालं की आमच्या जयराजला आधी पित्त होतं, मग तो अभिनंदन करतो. हे त्याला स्वतःलाही मान्य आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

माणूस हुशार. एम.ए., बी.एड. लोणंदजवळच्या एका कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होता. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी बसा. कायम भरती प्रत्येक निवडणुकीआधी जाहीर व्हायची आणि निकालानंतर कोर्टात जाऊन बसायची. "ह्या देशात आपलं काय खरं न्हाई," असं तो रोज जेवताना बायकोला, संयोगिताला सांगायचा. ती म्हणायची, "आधी भाकरी घ्या."

अशात त्याचा धाकटा चुलतभाऊ शंभूराज पोलंडला निघाला. दहावीला दोनदा नापास झालेला गडी, तिथं गोदामात खोकी उचलायला. एजंटाकडचा त्याचा अर्ज भरला होता जयराजनंच. मुलाखतीपुरतं इंग्रजीही त्यानंच घोटून घेतलं होतं. आमच्याकडं कुणाचं काही झालं की चौकात फ्लेक्स लागतोच, तसा शंभूराजचाही लागला. सहा बाय चार. डोळ्यांवर गॉगल, वर पुढाऱ्यांचे फोटो, आणि शुभेच्छुकांच्या यादीत सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, जयराज. कॉलेजचा रस्ता त्याच चौकातून. रोज जाता-येता तो जळून खाक व्हायचा.

शेवटी त्यानंही त्याच एजंटाकडं, तसल्याच कामासाठी अर्ज टाकला. मुलाखत झकास झाली. एजंट म्हणाला, "सर, तुमचं झालंच समजा." एवढं पुरलं. व्हिसाची वाट न बघता जयराज थेट फ्लेक्सच्या दुकानात.

"आठ बाय सहा कर."

दुकानदारानं विचारलं, "सर, फोटो कुठल्या गटाच्या सायबांचा टाकू? शंभूच्या टायमाला पक्ष एकच हुता."

"दोन्ही टाक. मला कुठं हितं ऱ्हायचंय!"

फ्लेक्स लागला. भावकीनं जेवणं घातली. कॉलेजच्या प्राचार्यांनीही येता-जाता फ्लेक्स वाचला, जयराजला शाल-नारळ दिला आणि त्याचे तास दुसऱ्या बाईंना देऊन टाकले. तीन आठवड्यांनी व्हिसा नाकारल्याचा मेल आला. प्राचार्य म्हणाले, आता जागा नाही.

भर दुपारी, चौकात चिटपाखरू नसताना, जयराजनं आपला फ्लेक्स उतरवला आणि घरामागच्या कडब्याच्या गंजीवर अंथरला. चेहरा आत. आता तो घरी शिकवण्या घेतो. चौकात गेला की लोक मुद्दाम विचारायचे, "सर, कवा निघताय?" आणि समोर फ्लेक्सवर शंभूराज गॉगल लावून हसत असायचा.

गेल्या रविवारी त्याच शंभूराजचा फोन आला. रडत होता. "दादा, लय हाल हायत बघ. एका खोलीत सातजण. काम आठवड्यातनं दोन दिवस. मला परत यायचंय. पर चौकात फ्लेक्स लागलाय, कुठल्या तोंडानं येऊ?"

ऐकून जयराजला आनंद झाला. त्यानं मला तसंच सांगितलं, मान खाली घालून. आणि त्या आनंदातही एक काटा होताच. ह्याला निदान परत यायचं तरी आहे. परत यायला आधी जावं लागतं.

"तू ये," तो म्हणाला. "फ्लेक्सचं मी बघतो."

तासाभरात तो शिडीवर होता. खाली शिडी धरून संयोगिता. तिनं विचारलं, "आवं, भावासाठीच उतरवताय न्हवं?"

वर जयराज भराभर दोऱ्या सोडत होता.

घरी आणून त्यानं तो फ्लेक्स गंजीवर आपल्या फ्लेक्सशेजारी अंथरला. ह्याचाही चेहरा आत. मग दोन पावलं मागं सरून दोन्हींकडं नीट बघितलं. आपला मोठा होता. तेवढं बघून तो आत जेवायला गेला.