पट्टीवरच्या पेन्सिलखुणा

एका परिचारिकेवर मी खोटा ठपका ठेवला आणि पंचवीस वर्षे तो तसाच राहू दिला. हे आधी कबूल करतो. मी डॉक्टर, पुढे सांगतो आहे तसल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता...

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात मी नवा होतो. वडनेर भोलजीची सुमन बाळंतपणात फार रक्त गेल्याने दाखल झाली. रक्त जुळले ते तिच्या आईचे – आठ लेकरांच्या माउलीचे. बाटली सिस्टर कमलने लावली. तिची एक रीत होती : बाटलीवर चिकटपट्टी लावायची आणि दर अर्ध्या तासाला रक्त कुठवर उतरावे, त्याच्या खुणा पेन्सिलीने करायच्या.

तासाभरात सुमनला धाप लागली. ओठ निळे पडले. मी सर्वांदेखत ओरडलो, "रक्त भराभर सोडलं तुम्ही! छातीत पाणी भरलं!"

"नाही जी साहेब, पट्टी त पाहा."

मी पाहिली नाही. तिला ऑक्सिजन आणायला पिटाळले आणि लघवीवाटे पाणी काढणारे इंजेक्शन भरले. सुई टोचणार, तोच कानाशी तिचा आवाज – "मानेच्या शिरा पाहा, साहेब."

शिरा सपाट होत्या. अंग तापलेले, रक्तदाब घसरलेला. रक्ताचा भार होऊन धाप लागते तेव्हा शिरा फुगतात, दाब चढतो. हे निराळेच होते. त्या इंजेक्शनने उरलासुरला दाबही गेला असता. मी सुई ठेवली, रक्त बंद केले, मागे वळलो... कोणीच नव्हते. सिस्टर अंगणापलीकडून सुमनच्या आईसोबत सिलिंडरची गाडी ढकलत येत होती.

"सिस्टर आत्ता इथं आल्या होत्या?" मी आईला विचारले.

"काऊन जी? ते त माह्यासंगच हाये!"

सुमन तिसऱ्या दिवशी उठून बसली. माझी पाठ थोपटली गेली. माझे ओरडणे खोटे ठरू नये म्हणून कागदावर मी लिहिले – 'परिचारिकेने रक्त जोरात सोडले.' रक्त तर नेमके तिच्या खुणेवर होते. ती पट्टी मी सोलून फेकली. सिस्टरची बदली झाली.

अशी धाप कधी देणाऱ्याच्याच रक्तातल्या घटकांमुळे लागते, आणि अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या रक्तात ते असू शकतात, हे पुढे वाचनात आले. धापेचा उलगडा झाला. आवाजाचा आजतागायत नाही.

गेल्या महिन्यात सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांनी शिकवलेल्या मुली सभागृहभर बसल्या होत्या. त्यातली प्रत्येक जण बाटलीवर पट्टी लावते. माझा ऊर अभिमानाने भरून आला... आणि मान खाली गेली. मी माईक हातात घेतला.

"साहेब, थोडक्यात बोला जी," त्या हसल्या, "चहा थंडा होऊन राह्यला."

"थोडक्यातच बोलतो. सिस्टर, तुमची बाटली खुणेवर होती. पट्टी मी सोलली. माझं चुकलं. मला माफ करा."