ठेक्यातली अंगठी

चिमाजीनानांच्या ढोलकीशिवाय कुरुळीत नवऱ्याला हळद लागत नाही, असं निदान चिमाजीनानांचं मत होतं. गावाचं मत नवनाथने कीबोर्ड घेतल्यावर कळलं. नवनाथ कंपनीतली पहिली शिफ्ट उरकून संध्याकाळी एकटाच मांडवात उभा राहायचा. त्याच्या कीबोर्डातून ढोलकी, ताशा, सनई सगळं निघायचं आणि त्यातलं कुणी जेवायलाही बसायचं नाही.

त्या कीबोर्डातली ढोलकी मात्र नानांचीच होती. दोन वर्षांपूर्वी नवनाथ घरी येऊन म्हणाला होता, "नाना, तुमचा हात यात भरून ठेवतो. एक दुपार द्या." नानांनी दिली, वर चहा पाजला. वाजवायच्या आधी अंगठी काढायची ही त्यांची शिस्त; पण त्या दिवशी बोट सुजलेलं, अंगठी निघेना. दर चौथ्या आवर्तनाला ती ढोलकीच्या खोडाला लागून टिक् वाजली. नवनाथला ऐकूच आली नाही.

तेव्हापासून नानांना हळदीची पत्रिका येई, वाजवायची सुपारी येत नसे. त्यांना पैशाचं एवढं नव्हतं. आपला हात आपल्यावाचून गावभर फिरतोय, मग आपण कशाला उरलो, हे कुणाला विचारावं तेच त्यांना कळत नव्हतं.

मालोजीच्या हळदीला नाना इस्त्रीचा सदरा घालून पाहुण्यांत बसले. पोरं बेभान नाचत होती. नाना टिक् मोजत होते.

"काय ठेका हाय राव," शेजारचा भिमाजी म्हणाला.

"व्हय. वाजवणारा बरा दिसतोय."

मग मालोजीची आत्या कुसुमताई माइकपाशी आली. गाण्यात घरातल्या सगळ्या थोरांची नावं गुंफायची, गेलेल्यांचीसुद्धा, हा त्या घरचा रिवाज. ताई सत्तरीची. नाव आठवेपर्यंत ती थांबे. कीबोर्ड थांबत नसे. दोनदा ती मागे पडली. तिसऱ्यांदा म्हणाली, "नवनाथ, तुझ्या पेटीला कुठली बस गाठायचीय रे?"

मांडव हसला. नवनाथने ठेका बंद केला आणि सरळ नानांकडे बघितलं. ढोलकी घरी खुंटीला होती. नानांनी पाण्याचा रिकामा जार मांडीवर ओढला. ताई थांबली की त्यांची बोटं जारवर नुसती कुजबुजत राहत. नाव सापडलं की हात उचलला जाई. सतरा नावं झाली. एकही सुटलं नाही.

वायरी गुंडाळताना नवनाथ म्हणाला, "नाना, रविवारी आळंदीला हळद हाय. येता का?"

"तुझ्या पेटीतला म्हातारा हाय की."

"त्याला घरी ठेवतो."

"नको. पोरं त्याच्यावर बरी नाचत्यात, त्याला दम लागत न्हाई. मला बायांच्या गाण्याला बोलव. आन् त्याला एकदा परत भरून घे. टिक् वाजतंय."

"काय वाजतंय?"

नानांनी बोट पुढे केलं.

घरी येऊन त्यांनी त्या बोटाला साबण चोळला. अंगठी निघायला बराच वेळ लागला. दोन वर्षांत ती काढायचं कारणच पडलं नव्हतं.