आयुधपूजेतला स्क्रू

आयुधपूजेला आमच्या चेन्नईच्या घरात गाडीला, पान्यांना आणि आईच्या शिलाई मशीनला चंदन-कुंकू लागतं, आणि त्यांच्या जोडीला एका वाकड्या, काळ्या स्क्रूलाही. यंदा चंदन उगाळताना त्या वासाबरोबर तांबरमचा भर दुपारचा रस्ता डोळ्यांपुढे आला.

त्या दिवशी गाडी आई चालवत होती. इंजिनातून बारीक खणखण आली आणि तिने तिथल्या तिथे चावी बंद केली. मागचा बसवाला "ओरमा पोंगम्मा" म्हणत बाजूला व्हायला सांगत होता. बाबा म्हणाले, "अगं, चालू करून निदान कडेला तरी घे."

"तुम्ही ढकला. मी चावी फिरवणार नाही," आई म्हणाली. "मशीनची सुई तुटल्यावर कोणी पॅडल मारतं का? आधी तुकडा सापडू दे."

बाबांनी आणि मी घाम गाळत गाडी कडेला ढकलली. मग ती टो करून गिंडीच्या गॅरेजमध्ये नेली आणि तिथे इंजिन उघडलं. हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या झडपेचा हाच स्क्रू सुटून पिस्टनवर पडला होता. पिस्टनवर नुसते ओरखडे होते. आणखी थोडं चालवलं असतं तर इंजिन गेलंच होतं, मेकॅनिक म्हणाला. आईने वाकून विचारलं, "बाकीचे घट्ट आहेत का?" दुसरा एक अर्धा सुटलेला निघाला.

तेव्हा मला ती हट्टी वाटली होती. आता त्याच रस्त्यावर मी गाडी चालवतो, आणि ती बंद पडून मागून हॉर्न वाजले की पुन्हा चालू करायला माझा हात आपोआप चावीकडे जातो. आई मात्र त्या दिवशी हात मांडीवर ठेवून, मशीनपुढे बसावं तशी शांत बसली होती.